अपग्रेड मध्येच अडकलं तर: उबुंटू-डेबियनवर ट्रिगर आणि डिपेन्डन्सी सोडवण्याचा क्रम

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या छोट्या कारखान्यांतले सर्व्हर, गंगापूर रोडकडच्या कॉलेजांतल्या लॅब, दिंडोरी-पिंपळगावच्या पॅकहाऊसमधली लेबल छापणारी मशीन. जागा वेगळ्या, पण उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स सिस्टिमचं अपग्रेड अडकल्यावर मदतीची हाक येते तेव्हा मशीनची अवस्था बहुतेक सारखीच असते. मूळ बिघाड एक असतो. त्यावर नेटवरून उचललेल्या पाच-सात आदेशांचा मारा झालेला असतो: लॉक फाइल उडवलेली, एखादी पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट (पॅकेज बसवताना शेवटी चालणारी) रिकामी केलेली, 'फोर्स' लावून पॅकेज काढलेलं. मग मूळ बिघाडापेक्षा हे निस्तरण्यातच जास्त वेळ जातो.

हे आदेश मुळात चुकीचे नसतात. त्यांचा क्रम चुकतो, आणि शेवटी दिसलेल्या एररलाच कारण समजलं जातं. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा तुमच्या मशीनला लागू नसेल, तरी त्याची पडताळणी करूनच पुढे जा.

आदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. सिस्टिममध्ये बदल करणाऱ्या प्रत्येक आदेशाआधी 'सुडो' (प्रशासकाच्या अधिकाराने आदेश चालवणारा शब्द) धरून चाला.

## आधी एवढं माहीत हवं

ॲप्ट आणि डीपीकेजी ही दोन वेगळी माणसं आहेत असं समजा. कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीचं हवं हे ॲप्ट ठरवतो आणि ते उतरवून घेतो. फाइली उलगडणं आणि पॅकेज कॉन्फिगर करणं हे काम डीपीकेजीचं. डीपीकेजीचं काम अर्धवट असेल तर ॲप्टला कितीही विनवण्या केल्या तरी तो पुढे सरकत नाही. म्हणून आधी डीपीकेजी, मग ॲप्ट.

ट्रिगर म्हणजे पुढे ढकललेलं सामाईक काम. वीस पॅकेजेसनी मॅन्युअलची पानं बदलली, तर त्यांची सूची वीसदा न करता शेवटी एकदाच मॅन-डीबीकडून करून घेतली जाते. लायब्ररींची यादी ताजी करणारं लिबसी-बिन, बूटची इमेज बनवणारं इनिट्रॅमएफएस-टूल्स, मेनू सांभाळणारं डेस्कटॉप-फाइल-युटिल्स ही सगळी याच पद्धतीने चालतात. ज्याच्यावर काम येऊन पडलंय ते पॅकेज 'ट्रिगर्स-पेंडिंग' स्थितीत असतं. ज्याने काम सोपवलं आणि जे आता वाट बघतंय ते 'ट्रिगर्स-अवेटेड' स्थितीत असतं.

या दोन स्थितींतला एक फरक पुढे फार उपयोगी पडतो. पेंडिंग असलेलं पॅकेज इतरांची डिपेन्डन्सी (चालण्यासाठी लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजची गरज) भागवू शकतं, अवेटेड असलेलं भागवू शकत नाही. त्यामुळे एक ट्रिगर फसला की त्याच्याशी वरवर संबंध नसलेली दहा पॅकेजेस 'डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स' म्हणून ओरडू लागतात.

## टप्पा १: हात लावण्याआधीची तयारी

वीज. पावसाळ्यात दुपारी अपग्रेड सुरू करायचं आणि लाईट गेल्यावर डोक्याला हात लावायचा, हे टाळता येतं. मशीन यूपीएसवर आहे का ते बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि बॅटरी भरलेलीही असू द्या. अपग्रेडच्या मध्यावर वीज गेली तर डीपीकेजीची स्थिती-फाइलच खराब होऊ शकते, आणि ते दुखणं साध्या अडकलेल्या ट्रिगरपेक्षा मोठं असतं.

वेळ. कारखान्यात साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरा. पॅकहाऊसमध्ये जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम जोरात असतो. या काळात फक्त सुरक्षेचे अपडेट घ्या. मोठं आवृत्ती-अपग्रेड हंगाम संपल्यावरच करा.

नेट. गावाकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम असेल तर आधी 'ॲप्ट अपडेट' आणि मग 'ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली' चालवा. सगळी पॅकेजेस उतरून घ्या. उलगडण्याचं काम नंतर निवांत करा.

दूरवरून काम. एसएसएचवरून जोडला असाल तर टीमक्स किंवा स्क्रीन (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारे प्रोग्रॅम) यांच्या आत शिरल्याशिवाय अपग्रेड सुरू करू नका. कनेक्शन तुटलं की तुमचं टर्मिनल जातं, आणि त्याबरोबर पोस्टइन्स्ट स्क्रिप्टही मध्येच मरू शकते.

बॅकअप. डेटाबेस असेल तर त्याचा डम्प घ्या. '/ईटीसी', '/व्हार/लिब/डीपीकेजी' आणि '/व्हार/लिब/ॲप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स' यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. 'डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स' आणि 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' यांचं आउटपुट फाइलमध्ये ठेवा. मशीन आधीच अडकलेलं असलं तरी ही प्रत घ्याच. बिघडलेल्या अवस्थेचीही प्रत हाताशी लागते.

तपासा: 'डीएफ -एच' ने जागा आणि 'डीएफ -आय' ने आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) बघा. रूट, '/बूट' आणि '/व्हार' वेगवेगळी पार्टिशन असतील तर तिन्ही बघा. जागा आहे पण आयनोड संपलेत, हेही घडतं. तेव्हाही एरर 'नो स्पेस लेफ्ट' असाच येतो.

## टप्पा २: लॉक कोणी धरलंय ते बघा

'कुड नॉट गेट लॉक' दिसलं की '/व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड' ही फाइल उडवायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया तसं करू नका. फाइल नुसती असण्याने काही अडत नाही. एखाद्या चालू प्रोसेसने ती धरून ठेवलेली असते म्हणून अडतं. फाइल उडवली तर ती प्रोसेस चालूच राहते, तुमची दुसरी सुरू होते, आणि दोघी मिळून एकाच डेटाबेसवर लिहितात.

बहुतेक वेळा धरणारा 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' असतो. त्याचा टाइमर साधारण सकाळी ६ ते ७ च्या दरम्यानचा असतो. ऑफिसची मशीन तेव्हा बंद असतात, त्यामुळे चुकलेली वेळ मशीन चालू केल्यावर भरून काढली जाते. सकाळी आल्या आल्या लॉकचा एरर येण्याचं कारण हेच.

१. 'फ्यूझर -व्ही /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड' चालवा, प्रोसेसचं नाव आणि क्रमांक बघा.
२. ती खरोखर काम करतेय का ते 'टॉप' मध्ये किंवा '/व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग' च्या शेवटच्या ओळींवरून ठरवा.
३. काम चालू असेल तर थांबा.
४. लॉगची शेवटची ओळ जुनी असेल, तर 'पीएसट्री -पी' ने त्या प्रोसेसची पोरं बघा. पुष्कळदा कुठलीतरी स्क्रिप्ट प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसलेली असते, आणि तो प्रश्न ग्राफिकल अपडेटरच्या मिटलेल्या खिडकीमागे दडलेला असतो.

सावधान: 'प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर मॅन-डीबी' वर मशीन थबकल्यासारखं वाटलं की लोक कंट्रोल-सी दाबतात. जुन्या फिरत्या डिस्कवर हे काम खरंच रेंगाळतं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. दरवेळी त्रास होत असेल तर नंतर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर मॅन-डीबी' चालवून ही आपोआप होणारी सूची बंद करता येते.

## टप्पा ३: पहिला एरर शोधा

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा हा आहे. पडद्यावर शेवटी 'एरर्स वेअर एन्काउंटर्ड व्हाइल प्रोसेसिंग' असं येतं आणि खाली पॅकेजेसची यादी. त्याखाली 'सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड १'. लोक यादीतलं शेवटचं नाव किंवा हा 'एरर कोड १' शोधत बसतात. तो कोड जवळजवळ प्रत्येक अपयशाला सारखाच असतो, त्यातून काही कळत नाही.

'/व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग' उघडा. प्रत्येक वेळच्या कामाची सुरुवात 'लॉग स्टार्टेड' या ओळीने होते. अपयशी ठरलेल्या पहिल्या खेपेच्या या ओळीवर जा आणि तिथून खाली वाचत या. 'एरर प्रोसेसिंग पॅकेज' ही ओळ जिथे पहिल्यांदा येते, तिच्या वरच्या दहा-पंधरा ओळींत खरं कारण असतं. खालची बाकी पॅकेजेस बहुधा 'डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स – लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड' अशी असतात. ती पहिल्यामुळे अडकलेली असतात, त्यांना हात लावायची गरज नसते.

तुम्ही त्यानंतर चार वेळा वेगवेगळे आदेश चालवले असतील तर लॉगमध्ये चार खेपा दिसतील. सर्वांत जुनी अपयशी खेप बघा. कोणत्या खेपेत काय काय बदललं, ते शेजारच्या 'हिस्टरी.लॉग' मध्ये मिळतं.

तपासा: पुढे जाण्याआधी एका वाक्यात लिहून काढा: "अमुक पॅकेज, तमुक पायरीवर, या कारणाने थांबलं." हे वाक्य लिहिता येत नसेल तर लॉग पुन्हा वाचा.

## टप्पा ४: पॅकेजेसची स्थिती वाचा

'डीपीकेजी --ऑडिट' अर्धवट पॅकेजेस गटागटाने दाखवतो. 'डीपीकेजी -एल' च्या यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. दुसरं अक्षर कामाचं:

- लहान आय: व्यवस्थित बसलेलं.
- कॅपिटल यू: उलगडलं, पण कॉन्फिगर झालेलं नाही. बहुतेक वेळा दुसऱ्याची वाट बघतंय.
- कॅपिटल एफ: कॉन्फिगर करताना फसलं. तुमचा गुन्हेगार बहुधा इथे. ट्रिगर चालवताना स्क्रिप्ट फसली तरी पॅकेज याच स्थितीत जातं.
- कॅपिटल डब्ल्यू: ट्रिगर पूर्ण होण्याची वाट बघतंय.
- लहान टी: याच्या माथी ट्रिगरचं काम बाकी आहे.
- कॅपिटल एच: फाइली अर्धवट उलगडलेल्या. तिसऱ्या जागी कॅपिटल आर असेल तर पॅकेज पुन्हा बसवावंच लागेल.

'डीपीकेजी -एल' काही सुरूच होत नसेल आणि '/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस' वाचताना एरर देत असेल, तर वीज गेल्याचा हा परिणाम असू शकतो. खराब फाइल बाजूला ठेवा आणि त्याच फोल्डरमधल्या 'स्टेटस-ओल्ड' ची प्रत तिच्या जागी आणा. तीही खराब असेल तर '/व्हार/बॅकअप्स' मध्ये 'डीपीकेजी.स्टेटस.०' आणि त्याआधीच्या प्रती असतात. जुनी प्रत वापरली तर मधल्या काळात बदललेली पॅकेजेस 'हिस्टरी.लॉग' वरून शोधून पुन्हा बसवा.

## टप्पा ५: मूळ कारण दूर करा

इथे घाई नको. नेहमी भेटणारी कारणं पाच.

'/बूट' भरलं. इनिट्रॅमएफएस-टूल्सचा ट्रिगर फसण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. नवी इमेज लिहायला जागा नाही, म्हणून ट्रिगर फसतो, म्हणून कर्नल (सिस्टिमचा गाभा) अर्धवट राहतो, म्हणून ॲप्ट अडतो. आणि ॲप्ट अडल्यामुळे 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' सुद्धा जुने कर्नल काढू शकत नाही. या फेऱ्यातून असं सुटा:

१. 'युनेम -आर' ने चालू कर्नलची आवृत्ती बघून कागदावर लिहा.
२. 'डीपीकेजी -एल' मधून 'लिनक्स-इमेज' ने सुरू होणारी पॅकेजेस बघा.
३. चालू आणि सर्वांत नवा हे दोन सोडून एक जुना कर्नल निवडा. 'डीपीकेजी --पर्ज' ने त्याचं इमेज पॅकेज काढा, आणि त्याच आवृत्तीची मॉड्यूल्सची पॅकेजेस असतील तर तीही त्याच आदेशात द्या.
४. तेही जागेअभावी फसलं, तर जुन्या कर्नलची एक 'इनिट्रडी.आयएमजी' फाइल तात्पुरती रूट पार्टिशनवर हलवा, टप्पा ६ करा, आणि मग तो कर्नल रीतसर पर्ज करा.

सावधान: '/बूट' मधल्या फाइली 'आरएम' ने उडवू नका. डीपीकेजीला वाटत राहतं की कर्नल आहे, ग्रब (मशीन सुरू होताना कर्नल निवडायचा मेनू) त्याची नोंद दाखवत राहतो, आणि एखाद्या सकाळी मशीन नेमकं त्याच नोंदीवरून सुरू व्हायला बघतं.

'/बूट' मुळातच लहान असेल तर '/ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/इनिट्रॅमएफएस.कॉन्फ' मध्ये 'मॉड्यूल्स' (सगळी अक्षरं कॅपिटल) ची किंमत 'मोस्ट' ऐवजी 'डेप' केली की इमेज बरीच लहान होते. पण मग ती इमेज त्याच हार्डवेअरपुरती राहते. लॅबमध्ये डिस्क एका मशीनमधून दुसऱ्यात बसवायची सवय असेल तर हे करू नका.

सर्व्हिस सुरू होत नाही. पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट शेवटी सर्व्हिस सुरू करायला जाते, ती उठत नाही, आणि पॅकेज फसतं. पोर्ट ८० अपाचेने धरलेला असताना एनजिनएक्स बसवणं हे एक उदाहरण. मायएसक्यूएल ८.० मध्ये क्वेरी कॅश काढून टाकली आहे, त्यामुळे जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये 'क्वेरी_कॅश_साइझ' राहिलं की सर्व्हर सुरूच होत नाही, हे दुसरं. पॅकेजला दोष न देता 'जर्नलसीटीएल -यू' पुढे सर्व्हिसचं नाव लिहून कारण बघा आणि कॉन्फिग दुरुस्त करा.

पायथन बदललेला. प्रोजेक्टसाठी नवीन पायथन हवा म्हणून '/यूएसआर/बिन/पायथन३' चा दुवा दुसऱ्या आवृत्तीकडे वळवलेला असतो. कॉलेजच्या लॅबमध्ये हे फार दिसतं. कितीतरी पॅकेजेसच्या स्क्रिप्ट सिस्टिमच्याच पायथनवर चालतात, त्यामुळे एकदम दहा पॅकेजेस फसतात. दुवा मूळ आवृत्तीकडे वळवा. विद्यार्थ्यांना 'व्हेन्व्ह' (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) शिकवा.

डीकेएमएस मॉड्यूल, म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बनवावा लागणारा ड्रायव्हर. नवीन कर्नलसाठी वाय-फाय किंवा ग्राफिक्सचं मॉड्यूल बनलं नाही की कर्नल किंवा हेडर्सचं पॅकेज अडकतं. '/व्हार/लिब/डीकेएमएस' खाली त्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये 'मेक.लॉग' असतो, तो वाचा. मॉड्यूल आता लागत नसेल तर 'डीकेएमएस रिमूव्ह' ने काढा. लागत असेल तर नवीन कर्नलला चालणारी त्याची आवृत्ती आणा.

एकच फाइल दोन पॅकेजेसमध्ये. 'ट्राइंग टू ओव्हरराइट' असा एरर आला तर 'डीपीकेजी --सर्च' ने ती फाइल कोणाची ते बघा. दुसरं पॅकेज बाहेरच्या रेपोतलं (पॅकेजेसच्या भांडारातलं), आता नको असलेलं निघालं तर ते काढा. दोन्ही हवी असतील आणि फाइल निरुपद्रवी आहे याची खात्री असेल, तरच त्या एका पॅकेजपुरतं '--फोर्स-ओव्हरराइट' वापरा.

सावधान: पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट रिकामी करणं किंवा तिच्या पहिल्या ओळीत 'एक्झिट ०' घालणं म्हणजे दुखणं झाकणं. पॅकेज 'बसलं' असं दिसतं, पण त्याचा युजर तयार झालेला नसतो, परवानग्या लागलेल्या नसतात, डेटाबेसचं स्थलांतर झालेलं नसतं. हे पुढच्या अपग्रेडला बाहेर येतं, आणि तोवर कोणी काय केलं होतं हे कुणालाच आठवत नाही.

## टप्पा ६: डीपीकेजी आणि ट्रिगर पूर्ण करा

मूळ कारण दूर झाल्यावरच हे चालवा:

१. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. बाकी सगळी पॅकेजेस यात कॉन्फिगर होतात आणि ट्रिगरही चालतात.
२. पुन्हा फसलं, तर टप्पा ४ मध्ये कॅपिटल एफ दिसलेलं पॅकेज एकट्याने घ्या: 'डीपीकेजी --कॉन्फिगर' पुढे त्याचं नाव. एकट्याचा एरर वाचायला सोपा जातो.
३. तरीही कळलं नाही तर तपशील मागा: 'डीपीकेजी -डी१०००२ --कॉन्फिगर' पुढे नाव. इथला 'डी' कॅपिटल. यातला २ स्क्रिप्टची हालचाल दाखवतो आणि १०००० ट्रिगरची.
४. एररच्या ढिगात 'टू मेनी एरर्स, स्टॉपिंग' आलं तर घाबरू नका. डीपीकेजी ५० एररनंतर आपणहून थांबतो. टप्पा ३ मधला पहिला एरर सुटला की हा ढीग बहुधा ओसरतो.

'डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स प्रिव्हेंट प्रोसेसिंग ट्रिगर्स' असं दिसलं, तर ट्रिगर चालवणाऱ्या पॅकेजची स्वतःचीच डिपेन्डन्सी अजून कॉन्फिगर झालेली नाही. संदेशाच्या पुढच्या ओळीत तिचं नाव असतं. ती आधी कॉन्फिगर करा, मग पहिला आदेश पुन्हा चालवा.

'सायकल फाउंड व्हाइल प्रोसेसिंग ट्रिगर्स' म्हणजे दोन-तीन पॅकेजेस एकमेकांची वाट बघत बसली आहेत. डीपीकेजी ती साखळी बाणांनी दाखवतो. बहुधा पहिला आदेश पुन्हा चालवल्यावर ती सुटते, कारण मधल्या काळात एखादं पॅकेज कॉन्फिगर झालेलं असतं. नाहीच सुटली तर साखळीतलं पहिलं पॅकेज एकट्याने कॉन्फिगर करा. आवृत्ती-अपग्रेडमध्ये हे घडत असेल तर आधी डीपीकेजी आणि ॲप्ट ही दोनच पॅकेजेस नव्या आवृत्तीची करून घ्या.

'डीपीकेजी --ट्रिगर्स-ओन्ली' हा आदेशही आहे. तो एकटा वापरला तर पॅकेजेस चुकीच्या अवेटेड-पेंडिंग स्थितीत राहू शकतात, म्हणून त्यानंतर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवायलाच हवा.

तपासा: 'डीपीकेजी --ऑडिट' ने आता काहीही छापता कामा नये. काही डिपेन्डन्सी उतरलेल्याच नसतील तर त्याच कारणाची पॅकेजेस उरतील, त्यांची सोय पुढे आहे. इतर काही उरलं असेल तर मागे जा.

## टप्पा ७: आता ॲप्टकडे वळा

'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' चालवा, पण 'वाय' दाबण्याआधी 'विल बी रिमूव्ह्ड' खालची यादी अक्षर न अक्षर वाचा. हा आदेश जोडतो तसा काढतोही. डेस्कटॉप, नेटवर्क-मॅनेजर किंवा तुमचा डेटाबेस त्या यादीत दिसला तर 'एन' दाबा. ॲप्टने 'येस, डू ॲज आय से!' असं वाक्य टाइप करायला सांगितलं, तर सिस्टिमचं अत्यावश्यक पॅकेज जाणार आहे. तिथेच थांबा.

डिपेन्डन्सीचा एरर वाचायची रीत अशी: 'अमुक डिपेन्ड्स ऑन तमुक, आवृत्ती क्ष, पण आवृत्ती य बसवली जाणार आहे'. प्रश्न एकच विचारायचा: ही 'य' कुठून आली? 'ॲप्ट-कॅश पॉलिसी' पुढे तमुकचं नाव द्या. कोणत्या रेपोतून कोणती आवृत्ती मिळतेय आणि कोणाला किती प्राधान्य आहे, ते दिसेल. उत्तर सहसा यांपैकी एक असतं:

- '/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी' मधला एखादा बाहेरचा रेपो जुन्या आवृत्तीचा राहिलाय. तो बंद करा, 'ॲप्ट अपडेट' करा, त्यातून आलेलं पॅकेज अधिकृत आवृत्तीवर आणा.
- कोणीतरी पॅकेज रोखून ठेवलंय. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' बघा. रोखण्यामागे कारण होतं का, ते आधी विचारा. बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने मुद्दाम रोखलेलं असू शकतं. मग 'ॲप्ट-मार्क अनहोल्ड'.
- '/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी' मध्ये जुनं पिनिंग (ठरावीक आवृत्तीला दिलेलं प्राधान्य) आहे.
- जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमसाठी आय३८६ च्या लायब्ररी आहेत. दोन्ही आर्किटेक्चरवर एकदम बसणाऱ्या लायब्ररींची आवृत्ती तंतोतंत सारखी लागते. एक पुढे गेली की दुसरी अडते. दोन्ही एकाच आदेशात द्या.

'केप्ट बॅक' दिसणं हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. 'ॲप्ट अपग्रेड' कोणतंही बसलेलं पॅकेज काढत नाही, म्हणून काढणं आवश्यक असलेली अपग्रेड्स तो मागे ठेवतो. त्यासाठी 'फुल-अपग्रेड' आहे. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतो, तीही तुमच्या मशीनची पाळी येईपर्यंत मागेच दिसतात. त्यांना जबरदस्तीने ओढू नका.

आधी 'ॲप्ट फुल-अपग्रेड --सिम्युलेट' चालवा, यादी वाचा, मग खरा आदेश. ॲप्ट एखादं पॅकेज का काढतोय हे कळत नसेल तर '-ओ डीबग::पीकेजी-प्रॉब्लेम-रिझॉल्व्हर=येस' जोडा; टाइप करताना यातले शब्द सलग लिहा आणि डीबगचा डी, प्रॉब्लेमचा पी आणि रिझॉल्व्हरचा आर कॅपिटल ठेवा. आउटपुट लांबलचक येतं, पण कोणत्या पॅकेजपाशी गाडी वळली ते त्यात दिसतं.

कॉन्फिग फाइल बदलायची का असा प्रश्न आला तर 'डी' दाबून फरक बघा. तुम्ही बदललेल्या फाइलसाठी 'एन' म्हणजे जुनी ठेवा. नवी फाइल शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' या शेपटीने राहते, ती नंतर जुळवून घ्या.

## टप्पा ८: रीस्टार्टच्या आधी

हा भाग पटकन होतो, पण गाळू नका.

१. 'ॲप्ट-गेट चेक' आणि 'डीपीकेजी --ऑडिट', दोन्ही स्वच्छ.
२. 'डीपीकेजी --व्हेरिफाय' ने बदललेल्या किंवा गायब फाइली दिसतात. ओळीत 'सी' असेल तर ती कॉन्फिग फाइल, बहुधा तुम्हीच बदललेली.
३. '/बूट' मध्ये सर्वांत नव्या कर्नलची व्हीएमलिनझ आणि इनिट्रडी या दोन्ही फाइली आहेत का बघा. इनिट्रडी नसेल तर 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के' पुढे आवृत्ती लिहून ती बनवा, मग 'अपडेट-ग्रब'.
४. 'सिस्टिमसीटीएल --फेल्ड' मध्ये काही उरलंय का.
५. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह --सिम्युलेट' ची यादी वाचा, पटली तर खरा आदेश द्या.

मशीन दूर असेल, समजा सिन्नरच्या कारखान्यात आणि तुम्ही कॉलेज रोडला, तर रीस्टार्ट देण्याआधी तिथे कीबोर्ड-मॉनिटरपाशी कोणीतरी उभं आहे याची फोनवर खात्री करा. ग्रबच्या मेनूत जुना कर्नल कसा निवडायचा हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवा. नवीन कर्नलवर दोन-तीन दिवस काम सुरळीत चाललं की मगच जुना काढा आणि टप्पा १ मध्ये घेतलेल्या प्रती तोवर जागच्या जागी राहू द्या.